गाठींवरचा ऐकणारा

नांदुऱ्याच्या बाहेर, रेल्वे लाइनीला अगदी खेटून, कापसातली सरकी काढून गाठी बांधणारं एक जिनिंग आहे. हंगामात तिथं कुणाला मान वर करायला फुरसत नसते. कापसाच्या गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्याला लागते. पण हंगाम संपला, यंत्रं थंडावली, मजूर आपापल्या गावी गेले, की त्या एवढ्या मोठ्या आवारात एकच माणूस उरतो. त्याचं नाव जीवन. हंगामात तो वजनकाट्यावर बसायचा, बाकीचे दिवस राखणीला. शेठनं भाव वाढेल या आशेनं कापसाच्या काही गाठी शेडमध्ये थप्पी लावून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर नजर ठेवायची, दुपारी डबा खायचा आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी जायचं, एवढंच काम.

गावातल्या लोकांना वाटायचं, याला कंटाळा कसा येत नाही. जीवनला कंटाळा येत नव्हता, कारण जीवन वाचायचा.

तो काय वाचायचा हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मोबाइलवर एक ॲप होतं. त्यावर कुणीकुणी कथा टाकायचे, आणि त्यातली एक मालिका त्याला वेड लावून गेली होती. तिचं नाव ‘खारा डोह’. सोहम नावाचा एक मोजणीदार खाऱ्या पाण्याच्या तळ्यावर येतो. त्या काठाला चारशे वर्षांपासून बांधला गेलेला मार्तंड त्याला भेटतो. मार्तंड दिवसा बगळा, कलत्या उन्हात माणूस. दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. तळ्याचं नाव कुठंच दिलेलं नव्हतं, पण काठावरची पडकी देवळं आणि पाण्याचा वास वाचून बुलढाण्याच्या शेंबड्या पोरानंही ते तळं ओळखलं असतं.

या गोष्टीतली एक गंमत जीवनला फार आवडायची. सगळं गाव मार्तंडाला घाबरायचं, ते तो भूत म्हणून. अरे तो मेलेला आहे, तुझं रक्त आटवील, असं लोक सोहमला सांगायचे. पण तू पुरुष, तो पुरुष, हे कसं काय, असं विचारायला त्या गावात कुणाला सवडच नव्हती. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा जीवन एकटाच खदखदून हसला होता, आणि मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला होता.

घरी तो फोनचा उजेड कमी करून, भिंतीकडे तोंड करून वाचायचा. शेजारच्या खाटेवर त्याची आई, सरस्वतीबाई, झोपलेली असायची. जिनिंगात कुणी नव्हतं. तिथं तो मोठ्यानं वाचायचा. सोहम आणि मार्तंड ही दोन नावं एका वाक्यात, उघड्यावर, स्वतःच्या तोंडून ऐकायला त्याला बरं वाटायचं. पाच-दहा मिनिटांनी एखादी गाडी लाइनीवरून धडधडत जायची, शेडचा पत्रा न् पत्रा थरथरायचा, आणि तेवढ्यापुरता तो थांबायचा.

श्रावणातल्या एका दुपारी तो असाच वाचत होता. सोहम पहिल्यांदा पाण्यात उतरतो तो भाग. “पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा सोहमच्या लक्षात आलं, की आपल्या मागून कुणी चालत नाही, तरी पाण्यावर दोघांच्या लाटा उमटताहेत,” एवढं वाक्य वाचून त्यानं पाण्याची बाटली उचलली. समोरून मालगाडी चालली होती. डबे एकामागून एक सरकत होते, आणि आवाज मात्र काहीच येत नव्हता. पत्रा गप्प होता. कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं सगळं बंद झालं होतं. आणि त्या बंद शांततेत, थप्पीच्या वरच्या अंगानं, कुणीतरी म्हणालं,

“मंग?”

जीवननं बाटली टाकली आणि तो फाटकापर्यंत पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी तो शेडबाहेर बसून वाचायला लागला, पण मन लागेना. तिसऱ्या दिवशी स्वतःलाच शिव्या घालत तो आत गेला. भास झाला असेल असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण खरी गोष्ट अशी, की त्याला कुणीतरी पुढं विचारलं होतं, आणि आजवर कधीच कुणी विचारलं नव्हतं. त्यानं फोन काढला. पुढचं पान वाचायला घेतलं. पान संपता संपता पुन्हा सगळे आवाज विझले.

“त्यानं हात धरला का नाही?” वरून प्रश्न आला.

जीवननं मान वर केली. वरच्या गाठीवर एक तरुण पाय सोडून बसला होता. अंगात बनियन, गळ्यात काळा दोरा. केसांत रुईचे धागे, भुवयांवर रुई, पापण्यांवरसुद्धा. तो बोलला की आवाज गादीखालून आल्यासारखा यायचा.

“धरते,” जीवन म्हणाला. “पण पुढच्या भागात.”

“मंग वाच न बे. थांबला काऊन?”

जीवननं वाचलं.

जिनिंगाचा म्हातारा मुकादम, कडूबा, दर बाजारच्या दिवशी चक्कर टाकायचा. जीवननं आडून आडून त्याला विचारलं, की या शेडमध्ये कधी काही झालं होतं का. कडूबानं तंबाखू मळता मळता थप्पीकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

“तुह्या येण्याच्या अगुदरची गोष्ट,” तो म्हणाला. “हिवरा आश्रमाकडचा पोट्टा व्हता, कुलदीप. दुपारी गंजीच्या सावलीत निजला. गंजी ढासळली. एवढा कापूस अंगावर आला, पण आवाज कसा तो नाही. तासभर कोणाले पत्ताच नाही. तुले दिसला का काय?”

“नाही,” जीवन म्हणाला.

“दिसला तं बोलू नको त्याच्यासंग. बोललं का चिकटतेत.”

पण चिकटायचं ते केव्हाच चिकटलं होतं. जीवन रोज डबा लवकर संपवायचा आणि वाचायला बसायचा. कुलदीपला गोष्ट ऐकण्याची फार हौस. मध्येमध्ये बोलायचा, भांडायचा, हसायचा. मार्तंडाचा बगळा होतो तेव्हा त्याला गुदगुल्या व्हायच्या. “अन् मासा पाह्यला का सोहमले सोडून पयत असंन!” असं म्हणून तो हसायचा, आणि हसला की रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत खाली यायचे. सोहमचा वरिष्ठ त्याला परत बोलावतो तो भाग मात्र त्यानं पुन्हा वाचायला लावला. जीवननं पुन्हा वाचला. कुणी आपल्या बरोबरीनं एका गोष्टीत शिरतं, आपल्याला जिथं गलबलून येतं तिथंच त्यालाही येतं, हे सुख त्यानं कधी चाखलं नव्हतं. तो इस्त्रीचे शर्ट घालायला लागला. सकाळी दाढी करून जायला लागला.

सरस्वतीबाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. “कोण हाये?” त्यांनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं. जीवननं उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे त्याला प्रश्न ऐकूच आला नव्हता.

कारण ती शांतता आता त्याच्याबरोबर घरी यायला लागली होती. आधी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज लांबून यायला लागला. मग रस्त्यावरचे हॉर्न पुसट झाले. आई समोर उभी राहून ओरडायची तेव्हा तिचे ओठ आधी दिसायचे आणि शब्द मागून कसेबसे पोचायचे. सकाळी उशीवर रुईचे धागे असायचे. एकदा खोकला आला तर रुमालावर पांढरा पुंजका पडला. जीवननं तो रुमाल घडी घालून खिशात ठेवला. त्याला भीती वाटली नाही, आणि याचीच पुढं कधीतरी त्याला भीती वाटली. आपल्याला एकच आवाज नीट ऐकू येतो आणि तो पुरतो, असं त्याला वाटायला लागलं होतं.

गणपती उठले आणि ‘खारा डोह’चा शेवटचा भाग आला. जीवननं तो घरी एकट्यानं वाचून टाकला. गोष्ट संपली की ऐकणाराही उठून जाणार, असं त्याच्या मनानं घेतलं. मग त्यानं एक उद्योग केला. शेवटचा भाग बाजूला ठेवून त्यानं स्वतःच पुढचं लिहायला घेतलं. सोहम आणि मार्तंड तळ्याकाठच्या जंगलात हिंडतात, देवळाच्या पायरीवर बसून सीताफळ खातात, मार्तंड त्याला चारशे वर्षांपूर्वीची गाणी म्हणून दाखवतो. जीवन सकाळी फोनवर हे टाइप करायचा आणि दुपारी वाचून दाखवायचा. कुलदीप ऐकायचा. एके दिवशी तो ऐकता ऐकता खाली उतरून समोरच्या गाठीला टेकून उभा राहिला. इतक्या जवळ तो कधी आला नव्हता.

“हे तुह्यं हाये,” तो म्हणाला.

जीवनचे कान तापले. “कसं वयखलं?”

“त्या गोष्टीतला सोहम घाईत असते. त्याले जा लागते परत. तुह्यावाला सोहम बसूनच राह्यला. त्याले उठूच देऊन नाही राह्यला तू.”

“वाईट हाये का?”

“वाईट नाही. मले आवडलं. पण आता शेवट वाच.”

“नको,” जीवन म्हणाला.

“वाच बे. मी कुठी जातो? फाटकाच्या भाईर पाय पडत नाही माहा.”

मग जीवननं शेवटचा भाग वाचला. मोजणी संपते. सोहमची जीप उभी असते. मार्तंड काठावर थांबतो, त्याला काठ सोडता येत नाही. चारशे वर्षांत कितीतरी माणसं त्याला पाहून पळाली, कितीतरी जणांनी त्याला नैवेद्य दाखवला, मंत्र टाकले, दगड मारले. सोहम यातलं काहीच करत नाही. तो जीपचं दार उघडतो आणि म्हणतो, “चल घरी.” एवढंच. आणि मार्तंडाचा पाय काठावरून सुटतो.

वाचून झालं.

“मले कोणी चल नाही म्हटलं,” कुलदीप म्हणाला. “अंगावरचा कापूस काढला, रडले, गाडीत घातलं, नेलं. मी इथीच. माह्याशी कोणी बोललंच नाही.”

जीवन उठला. “चल,” तो म्हणाला. “माह्या घरी चल, कुलदीप.”

तो फाटकाकडे चालायला लागला. कुलदीप त्याच्या मागून आला, फाटकाच्या लोखंडी पट्टीपर्यंत आला, आणि तिथं थांबला. त्यानं पाय उचलून पाहिला. मग मान हलवली.

“तुह्यानं नाही होत,” तो हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता, कीव होती, आणि तेच जीवनला जास्त लागलं.

“मंग कोणानं होते?”

कुलदीपनं नाव सांगितलं. राम. जानेफळचा. दोघं बरोबर हंगामाला यायचे, एकाच खोलीत राहायचे, एकाच ताटात जेवायचे.

जीवन दोन दिवस जिनिंगाकडे फिरकला नाही. तापाचं निमित्त करून पडून राहिला. जानेफळला गेलोच नाही तर काय होईल, याचा विचार केला. कुलदीप तिथंच राहील. गाठींवर बसून राहील. आपण रोज काहीतरी वाचू. हळूहळू सगळे आवाज बंद होतील आणि आपलंही काही अडणार नाही. हा विचार त्याला इतका गोड वाटला, की तो दचकून उठून बसला. तिसऱ्या सकाळी त्यानं खामगावची बस धरली, तिथून जानेफळची.

राम गावाबाहेर आपल्या वांग्याच्या वावरात भेटला. पस्तिशीचा, उन्हानं रापलेला. कुलदीपचं नाव काढलं तरी तो वांगी तोडतच राहिला.

“तुम्ही कोण त्याचे?” त्यानं विचारलं.

“कोणी नाही. मी तिथं काट्यावर असतो. रामभाऊ, तो अजून तिथंच हाये.”

“मी त्याले या हातानं काढला कापसातून,” राम म्हणाला. “नाका-तोंडात रुई व्हती, ते बी मीच काढली. तो कुठी हाये ते मले सांगू नका. अन् जा तुम्ही.”

जीवनला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं खरं तेच सांगितलं. “मी त्याले गोष्ट वाचून दाखोतो. दोघाची गोष्ट हाये. एक जिता, एक मेलेला. दोघंबी माणसंच. त्याहीचं प्रेम असते.”

रामचा हात थांबला. “असल्या गोष्टी असतात?”

“असतात. लय असतात. कोणी जादूवाला, कोणी राक्षस, कोणी राजा. मोबाइलवर वाचतात लोक.”

“किती लोक?”

“हजारो असतीन.”

“हजारो?” राम म्हणाला. जुन्या सोबत्याचं भूत जिनिंगात बसलं आहे, हे ऐकूनही तो वांगी तोडत राहिला होता, पण या आकड्यानं तो धुऱ्याच्या बांधावर मटकन बसला. “आमाले तं वाटे का आमी दोघंच हाओत. पुऱ्या दुनियेत.”

मग तो उठून पुन्हा वांगी तोडायला लागला. जीवन फोन नंबर देऊन परत आला.

राम आला तो आठवड्यानं, भर दुपारी, मोटरसायकलवर. गाडी शेडसमोर स्टँडला लावली आणि आत आला. कुलदीप वरच्या गाठीवरच होता. रामला पाहून तो उभा राहिला. त्याच्या अंगावरची रुई वाऱ्यानं हलावी तशी हलली, पण वारा नव्हता.

“कुठी हाये?” रामनं जीवनला विचारलं. त्याची नजर थप्पीवरून दोनदा फिरली आणि कुठंही अडली नाही. त्याला दिसत नव्हता.

“समोरच,” जीवन म्हणाला.

राम खाली बसला. “वाचा,” तो म्हणाला. “ते गोष्ट वाचा.”

काय करायचं, काय म्हणायचं, हे जीवननं त्याला सांगितलं नाही. सांगायचं त्यानं बसमध्ये ठरवलं होतं, वावरात ठरवलं होतं, आत्ताही तोंडाशी आलं होतं. पण त्यानं फोन काढला आणि शेवटचा भाग वाचायला सुरुवात केली. वाचताना त्याला दिसत होतं, की कुलदीप एकेक गाठ उतरत खाली येतोय, रामच्या शेजारी बसतोय, रामच्या खांद्याला खांदा लावतोय. राम समोर पाहत होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. पुसायचं त्याला सुचलं नाही. जीवन जीपच्या दाराशी पोचला. सोहमचे ते दोन शब्द आले. त्यानं ते वाचले, घाईनं, खालच्या आवाजात, आणि गोष्ट संपली.

थोड्या वेळानं रामनं बाहीनं तोंड पुसलं, तो उठला आणि बाहेर गेला. जीवन दारापर्यंत गेला. रामनं गाडी स्टँडवरून काढली, किक मारली, आणि मग, पाळी संपल्यावर रोज खोलीवर जाताना म्हणत असेल तसं, मागं न वळता म्हणाला,

“चाल बे कुल्या. चाल घरी.”

कुलदीप जीवनच्या अंगावरून गेला. थंड, ओलसर कापूस तोंडावरून सरकल्यासारखं वाटलं. तो मागच्या सीटवर बसला, रामच्या कमरेला हात घातले आणि त्याच्या पाठीवर गाल टेकला. त्यानं जीवनकडे पाहिलं नाही. विसरला म्हणून नसेल. त्या घडीला त्याला रामशिवाय दुसरं कुणी दिसतच नव्हतं. गाडी फाटकाच्या पट्टीवरून टकटक करत बाहेर पडली आणि खामगावच्या रस्त्याला लागली. मागं कुणी बसलं आहे हे रामला कळलं की नाही, ते त्याच्या पाठीवरून ओळखता आलं नाही. एवढं खरं, की रिकाम्या गाडीवरचा माणूस जसा चालवतो तसा तो चालवत नव्हता. वळणावर त्यानं वेग फार कमी केला.

त्याच क्षणी लाइनीवरून एक्स्प्रेस गेली. इतका आवाज झाला, की जीवन कान दाबून उंबऱ्यात खाली बसला.

दिवाळीच्या आधी रामचा फोन आला. त्यानं वांग्याचा भाव सांगितला, बोअरच्या मोटारीचं सांगितलं, आणि मग विचारलं, “ते तशा गोष्टी अजून हायेत का?”

“लय हायेत, रामभाऊ.”

“धाडत जा. मले वाचता येते हळूहळू. वावरातल्या खोलीत मोठ्यानं वाचतो. भाऊ म्हणते, येडा झाला.” तो हसला. जीवननं त्याला हसताना पहिल्यांदाच ऐकलं. “येजा एकदा. वांगे घेऊन जाजा.”

“येतो,” जीवन म्हणाला. पण तो गेला नाही. त्यानं गोष्टी मात्र धाडल्या, आणि त्यात एक आपली स्वतःचीही, सीताफळाची.

त्याच संध्याकाळी सरस्वतीबाईंनी लग्नासाठी नांदुऱ्यातल्याच एका मुलीचा विषय काढला. जीवन ताटासमोर बसला होता. आता त्याला चुलीवरची भाकरी फुगण्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

“नको, माय,” तो म्हणाला. “मले नाही करायचं लगन.”

“कोण व्हती ते?” सरस्वतीबाईंनी विचारलं. “श्रावणापासून पाहून राह्यली मी. कोण व्हती?”

“व्हती नाही, माय. व्हता.”

सरस्वतीबाईंनी तव्यावरची भाकरी काढली, चुलीच्या तोंडाशी उभी केली. ती एका अंगानं करपली तरी त्यांनी फिरवली नाही. मग काढून ताटात वाढली आणि वर तेल घातलं.

“जेव,” त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळानं, त्याच्याकडे न पाहता, “गेला का?”

“गेला.”

“कुठी गेला?”

“जानेफळले.”

सरस्वतीबाईंनी दुसरा गोळा हातावर घेतला आणि थापायला लागल्या.

“जानेफळ काही दूर नाही,” त्या म्हणाल्या.

जीवननं करपलेली भाकरी मोडली आणि जेवायला सुरुवात केली.